व्याह्यांच्या दशम्या

माझ्या व्याह्यांची मोटरसायकल मी दशम्या घालून बंद पाडली. इंजिनात नव्हे, त्यांच्या डब्यात. पण तो प्रताप कळायला आधी व्याही कळायला हवेत. गाडीत काय भरलं यापेक्षा आपल्या पोटात काय भरलं याची जास्त काळजी करणारा मोटरसायकलवाला अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी मागं कॅरिअरला लटकवून फुलंब्रीहून निघायचे आणि मुक्कामाला पोचेपर्यंत तिला मोड आले नाहीत, तर गाडी फार जोरात हाकली म्हणून स्वतःवरच चिडायचे. पाचोडच्या रस्त्यानं बाटलीतलं ताक असं घुसळून निघायचं की वर लोणी तरंगायचं. ते वाटेतल्या कुणाला तरी देऊन हे खालचं पाणी प्यायचे. ढाब्यावर बसल्या बसल्या आरोळी, "तर्री तुमच्याकडंच राहू द्या, उसळ तेवढी आणा!" एका ढाबेवाल्यानं शेवटी हातच जोडले, "काका, तुम्ही जेवायला आलात का तपासायला?" "दोन्हीला," म्हणाले, आणि पिशवीतली अर्धी काकडी त्यालाही दिली.

हे सगळं हौसेचं नव्हतं हो. रक्तात साखर निघाली होती आणि माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्याच लेकानं, बजावलं होतं, "बाबा, खुशाल फिरा. पण आल्यावर साखर वाढलेली दिसली, की चावी माझ्याकडं." चावी गेली असती तर हा माणूस घरात बसून वाळला असता.

रामेश्वरला निघाले तेव्हा मला फोन आला, "इहिणबाई, वाटंसाठी दशम्या द्या करून." मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे अगदीच कोवळी, त्यात सुगरणपणाचा तोरा. त्यांच्याकडं दशमी म्हणजे दुधात भिजवलेली साधी भाकरी. माझ्या माहेरी दशमी गुळाचीच. बाकीच्या नुसत्या भाकरी. साखर वर्ज्य हे मला पाठ होतं, म्हणून न्यायला आले तेव्हा चहा बिनसाखरेचा दिला आणि दशम्यांत मात्र हात सैल सोडून गूळ घातला नि डबा फडक्यात गच्च बांधून दिला. गूळ कुठं साखर असतो, ही माझी तेव्हाची विद्वत्ता!

परत आले आणि साखर भरमसाट वाढलेली. मी भेटायला गेले तेव्हा जावई कागद नाचवत होता, "बाबा, काय खाल्लं सांगा."

व्याही मान खाली घालून म्हणाले, "जिलेबी. ढाब्यावर."

जन्मभर काकड्या वाटलेला माणूस! मी आपली मधेच, "आणि माझ्या दशम्या?"

"लई गोड झाल्या व्हत्या," ते म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथल्या तिथं गुळाचं कबूल केलं. जावई पोट धरून हसला, पण पुढच्या तपासणीपर्यंत चावी त्यानं खिशातच ठेवली.

व्याही मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी चिडून म्हटलं, "पहिल्या घासालाच कळलं असेल ना? मग गाईला का नाही घातल्या?"

त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. मग म्हणाले, "तुमची इहीण गेल्यापासून डबा माझा मीच भरतो, मीच उघडतो. आत काय हाय, ते आधीच ठावं असतंय. लई वर्षांनी दुसऱ्यानं बांधलेली गाठ सोडत व्हतो, इहिणबाई. गाईला कशा घालू?"