कोणतं जिनथोंग?

धसईच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या सुंदराबाईंची मुलगी कोरियन बोलते, हे गावाला कळलं तेव्हा कोणालाच ते नीट खरं वाटलं नाही. कुणालीनं सुरुवात मोबाइलवर कोरियन मालिका बघून केली होती. मग मुरबाडच्या कॉलेजात शिकता शिकता तिनं पुण्याच्या मनाली मॅडमकडे ऑनलाइन क्लास लावला, परीक्षा दिल्या आणि मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. तिथं कोरियाहून आलेली यंत्रं बसवत होते. ती बसवणारे इंजिनियरही तिकडचेच.

काम बसल्या जागेचं, असं लोक म्हणायचे. पण रोज एसटी मुरबाडच्या जवळ आली, की कुणालीला भीती वाटायला लागायची. आपला एक शब्द चुकला आणि कोणाचा हात यंत्रात गेला तर, हे तिच्या मनातून जातच नसे. घरी जेवतानाही ती दिवसभरात बोललेली वाक्यं परत तपासत बसायची.

मनाली मॅडम एका गोष्टीवर अडून बसायच्या. कोरियन लोक आता त्यांच्या हंगुल लिपीत लिहितात, पण त्यांच्या भाषेतले कितीतरी शब्द मूळचे चिनी अक्षरांतले आहेत. त्या अक्षरांना ते हांजा म्हणतात. हांजात दोन अक्षरं अगदी वेगळी असतात, पण कोरियनमध्ये दोन्हींचा उच्चार एकच होऊन बसतो, आणि हंगुलमध्ये लिहिली की ती हुबेहूब सारखी दिसतात. "शब्द कळला असं वाटलं, तरी मुळाशी अक्षर कोणतं ते विचारत जा," असं मॅडम सांगायच्या. कुणालीनं परीक्षेपुरती थोडी अक्षरं घोकली. कोरियातली तरुण मुलंसुद्धा ती फारशी लिहीत नाहीत, मग आपण कशाला, असं तिला वाटे.

कारखान्यातल्या इंजिनियरांपैकी एक नाम साहेब. त्यांची बायको सूजिनही मुरबाडला राहायला आली होती. तिला आठवा महिना होता. बाळंतपणाला ती कोरियाला माहेरी जाणार होती, जायची तारीखही ठरली होती. मध्ये तिची पाठ फार दुखली, तेव्हा नाम साहेबांनी कुणालीकडे वेदनाशामक गोळ्यांची चौकशी केली. त्या गोळ्यांना कोरियनमध्ये जिनथोंगजे म्हणतात. कुणालीनं डॉक्टरांना विचारून गोळ्या नेऊन दिल्या.

पुढच्या रविवारी ते दोघं सिद्धगडच्या बाजूला एका शेतघरात दिवसभरासाठी गेले. ड्रायव्हर साईनाथ त्यांना सोडून परत आला, संध्याकाळी आणायला जाणार होता. दुपारी कुणाली बाजारात आईजवळ बसली होती. तेवढ्यात नाम साहेबांचा मेसेज आला. हंगुलमध्ये तीनच शब्द होते. "सूजिन जिनथोंग. लवकर."

कुणालीनं वाचलं आणि लगेच उत्तर पाठवलं, "तिथंच थांबा, मी घेऊन येते." तिकडून "हो" आलं. मग तिनं फोन लावला, तो लागेना.

समोरच किशोरचं औषधाचं दुकान होतं. तिनं गोळ्या मागितल्या.

"कोनासाठी?" किशोरनं विचारलं.

"साहेबांच्या मिसेससाठी. मागं नेल्या होत्या त्याच."

"दिवस गेलेत ना त्यांना? परत दुखतंय तर आधी डॉक्टरला विचार. नुसतं दुखतंय म्हनून मी नाय देनार."

कुणाली दाराशीच थबकली. मेसेज परत उघडला. जिनथोंग लिहिलं होतं, शेवटचं 'जे' नव्हतं. 'जे' म्हणजे औषध. घाईत राहिलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, पण ते पटेना. ती आईकडे परत आली.

"काय झाला गो? तोंड असा का उतरलाय?"

"सूजिन मॅडमना दुखतंय आये. गोळी पायजे का काय, ते नीट समजत नाय."

सुंदराबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "दुखतंय म्हंजे? कळा येतात का तिला?"

कळा. मॅडमनी शिकवलेल्या सारख्या उच्चाराच्या जोड्यांत जिनथोंगचीही एक होती. दोन्हींत 'थोंग' म्हणजे वेदनाच, अक्षरही तेच. फरक होता तो 'जिन'मध्ये. एका 'जिन'चं अक्षर म्हणजे दाबून टाकणं, त्याची झाली वेदनाशामक गोळी. दुसऱ्या 'जिन'चं अक्षर म्हणजे थांबून थांबून उसळणारं काहीतरी, आणि त्याच्या झाल्या बाळंतकळा. हांजात लिहिलं असतं तर दोन वेगळे शब्द दिसले असते. मोबाइलवर एकच दिसत होता.

आणि आपण त्यांना तिथंच थांबायला सांगितलं.

ती धावतच आरोग्य केंद्रात गेली. अनिता सिस्टर ड्यूटीवर होत्या. कुणालीला धड बोलताही येईना. "सिस्टर, बाई अडलीय, सिद्धगडच्या बाजूला, भाषा येत नाय त्यांना, आठवाच महिना आहे," एवढं कसंबसं सांगून झालं. सिस्टरनी पुढचं काही न विचारता ॲम्ब्युलन्स काढायला लावली आणि कुणालीला आत बसवलं.

रस्ता खराब होता. दर खड्ड्याला कुणाली फोन कानाशी धरून परत लावत होती. चढावर एकदाचा लागला. पलीकडे सूजिनचं कण्हणं ऐकू येत होतं. नाम साहेब एवढंच म्हणत होते, "यांगसू फुटलं, यांगसू फुटलं."

"काय म्हनतात ते?" सिस्टरनी विचारलं.

यांगसू हा शब्द कुणालीनं कधी ऐकला नव्हता. 'फुटलं' तिला पक्कं माहीत होतं, कारखान्यात पाइप फुटला की ते हेच म्हणायचे. पण 'सू'? मॅडमच्या शिकवणीप्रमाणे 'सू' म्हणजे हात, 'सू' म्हणजे संख्या, 'सू' म्हणजे पाणी. सिस्टर तोंडाकडे बघत होत्या. मघाशी एकदा खात्रीनं चुकलेली कुणाली आता खात्रीनं काही बोलायला धजेना.

"फुटलं म्हणतात. बहुतेक पाणी. मला तो शब्द येत नाय सिस्टर, पण पाणीच असणार."

"पानी गेलं? मग डावीकडं वळवून झोपवा म्हनावं. उठवू नका, चालवू नका. आमी आलोच."

कुणालीनं ते सांगितलं. नाम साहेबांनी शब्द परत म्हणून दाखवले आणि फोन तुटला.

शेतघराच्या दारात नाम साहेब उभे होते. कारखान्यात आवाज न चढवणारा तो माणूस रडत होता. कुणालीला बघून म्हणाले, "तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून दुसरी गाडी न शोधता थांबलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला सहन होईना.

मुरबाड गाठेपर्यंतही वेळ नव्हता. ॲम्ब्युलन्स वाटेत बाजूला घ्यावी लागली. सिस्टर सांगत होत्या, कुणाली कोरियनमध्ये बोलत होती आणि सूजिननं तिचं मनगट धरलं होतं. मुलगी झाली, पण एवढीशी, आणि आधी रडलीच नाही. सिस्टर तिच्या पाठीवरून हात चोळत राहिल्या. कुणालीकडे त्या वेळी कुठल्याच भाषेतला शब्द नव्हता. मग एक बारीक आवाज आला, आणि सिस्टरनी ड्रायव्हरला ओरडून गाडी काढायला सांगितलं.

बाळाला कल्याणच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. पुढचे सगळे दिवस कुणाली कारखान्यातून परस्पर तिकडे जायची. डॉक्टर काय म्हणाले ते नाम साहेबांना सांगायची, आणि प्रत्येक वाक्य डॉक्टरांना परत विचारून घ्यायची. डॉक्टर एकदा वैतागलेही. बाळ दूध ओढायला लागलं, वजन धरू लागलं, तेव्हा कुठं तिला घास गोड लागला.

सूजिन हिंडू-फिरू लागल्यावर कुणालीनं तिला सगळं सांगून टाकलं. मी आधी गोळ्या आणायला गेले होते, म्हणाली. त्यात वेळ गेला. नाम साहेबांनी मोबाइलवर दोन्ही 'जिन'ची अक्षरं शोधून काढली. त्यांनाही ती आठवून लिहिता येत नव्हती. सूजिननं दोन्ही निरखून बघितली.

"त्या दिवशी एक आलेलं होतं," ती हळूच म्हणाली, "आणि दुसरं खरंच हवं होतं."

कुणालीला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

आता ती मनाली मॅडमकडे हांजा पुन्हा पहिल्यापासून शिकते आहे. कारखान्यात ती पूर्वीपेक्षा हळू बोलते. मध्येच थांबून "कोणतं अक्षर?" असं विचारते, तेव्हा तरुण कोरियन इंजिनियर एकमेकांकडे बघतात आणि मोबाइल काढतात. मॅनेजर म्हणतात, आधीची कुणाली फास्ट होती. ती ऐकून घेते. भीती गेलेली नाही. रविवारी मेसेज आला, तर तो पुरता वाचून झाला तरी ती लगेच उत्तर देत नाही.