खंडेनवमीची कात्री

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, आणि ते सारं देणं माझ्या आत्याचं. आमच्या पूर्वजांचं शिक्षण मेंढरं मोजण्यापाशी संपायचं. आत्याने मला बारामतीला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं. एवढे उपकार असूनही मी शपथेवर सांगतो, की लोकांना तिच्याइतके हात धुवायला लावणारी बाई बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत झाली नाही, आणि पुढेही होणार नाही.

आत्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. लहान वयात नवरा गेला, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, भावकीचं काही न ऐकता तिला नर्सिंग शिकायला धाडलं. तिथून ती परतली ती जंतूंशी जन्माचं वैर घेऊन. कात्र्या-चिमटे उकळणं हे तिचं कामच होतं, पण ती तेवढ्यावर थांबत नसे. बाजारातून आणलेल्या केळ्यांना ती साबण लावी. सुटे पैसे जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवी, त्यामुळे डाग पडलेला आणा गल्ल्यात दिसला, की पेठेतला वाणी म्हणायचा, "नर्सबाई येऊन गेल्या वाटतं!" मी वाचनालयातून पुस्तक आणलं, की ते आधी दिवसभर उन्हात पडायचं. "किती जणांनी थुंकी लावून पानं उलटल्यात, ठावं हाय का तुला?" असं ती विचारायची. त्या पुस्तकाची गोडीच जायची.

प्रसूतिगृहात बाळ बघायला गाडीभर माणसं आली, की ही दारात आडवी. "हात बघू!" पिंपळीच्या एका म्हाताऱ्याला ती ज्योतिषीणच वाटली. त्याने तळवा पुढे करून आपलं आयुष्य किती, ते विचारलं. आत्या म्हणाली, "तुमचं लई हाय, आजोबा. नातवाचं तेवढं तुमच्या नखात अडकलंय, ते आधी काढा."

या हट्टाची खरी परीक्षा आमच्याच घरात, सणसरला झाली. ताईचं पहिलं मूल सासरी जन्मलं होतं. तिथं नाळ विळ्याने कापली, वर चुलीतली राख लावली. आठवड्याच्या आत बाळाचा जबडा आवळला, दूध ओढेना, आणि ते गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला ताई माहेरी आली आणि आत्या रजा काढून आली. मीही कॉलेजातून सुटीला आलो होतो.

ताईला कळा सुरू झाल्या तो दिवस नेमका खंडेनवमीचा. आत्याने कात्री आणि दोरा उकळून झाकून ठेवले आणि ती आत ताईपाशी गेली. इकडे आबा हत्यारांची पूजा मांडत होते. नांगराचा फाळ, कुदळ, खुरपी, मेंढरांची लोकर कातरायची कात्री, सगळं ओळीने होतं. लेकीचंच हत्यार पूजेवाचून राहावं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी झाकण काढलं, आत्याची कात्री धोतराच्या सोग्याने मायेने पुसली, तिला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि लोकरीच्या कात्रीशेजारी ठेवून दिली.

बाळ जन्मलं, रडलं. आत्याने झाकण उचललं, तर आत नुसता दोरा.

"आबा, माझी कात्री?"

"पूजंत हाय की! तुझं पोट तिच्यावरच हाय न्हवं, पोरी?"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण हात धुतलेले होते. ती एवढंच म्हणाली, "चूल पेटवा. परत उकळायची."

आजी विळा घेऊन धावत आली. "अगं, पोर नाळंला तसंच हाय! काप की!"

"आईच्या पोटावर उबंला हाय ते. नाळ काय पळून जाती व्हय?"

"माझी सगळी बाळातपणं ह्याच विळ्यावर झाली, भवाने! तू बी!"

"आई," आत्याचा आवाज एकदम खाली आला, "गेल्या खेपंला बी लोकांनी घाईच केली हुती."

आजीने विळा भुईवर ठेवला. मग आमचं अख्खं घर पाणी उकळायची वाट बघत बसलं. आबा फुंकणी घेऊन चुलीपुढे बसले. डोळे लाल झाले तरी उठेनात. धुराचं निमित्त त्यांना बरं पडलं. शेवटी पाणी खळखळलं, पुरेसं उकळलं, नाळ बांधून कापली आणि राखेऐवजी वर उकळून वाळवलेलं फडकं आलं.

दुसऱ्या दिवशी आत्याची रजा संपली. एस.टी.त चढताना तिने माझा दंड धरला. इतकं भेदरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "आठवडा जाऊ दे, मग पत्र टाक. गोडगोड लिहू नगंस. तोंड उघडतंय का, दूध ओढतंय का, एवढंच."

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी पुढे बरंच लिहिलं, पण एखाद्याने इतकी वाट पाहावी असं मी लिहिलेलं ते एकच कार्ड.

"तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. आठवडा सरला. तोंड उघडतं. दूध ओढतं. नाळ सुकून पडली. ताई काल पहिल्यांदा हसली. बाळ रडतं फार. पण ते रडायला लागलं, की घरात कुणीही त्याला गप्प करत नाही. आबा, आजी, ताई, सगळे भोवती बसून नुसते ऐकत राहतात."