खांद्यामागची जागा

"दरबारात कुणी उगाच उभं नसतं," असं म्हणत मास्तर फ्लेक्सवरचा एखादा चेहरा बोटभर सरकवायचे.

चाकणच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात मी शुद्धलेखन तपासायचो. 'शुभेच्छुक' तिथे रोज नव्या पद्धतीने चुकायचा. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. जुन्या दरबारी चित्रांवर त्यांचा जीव. त्या चित्रांतले सरदार बाजूने काढलेले, एकेका डोळ्याचे, आणि सगळ्यांच्या नजरा सिंहासनाकडे. मास्तर कार्यकर्त्यांकडूनही तसेच फोटो मागायचे.

"मास्तर, बायको म्हणती नुसता कानच दिसतोय," एकाने तक्रार केली.

"भाऊंशी बोलणारे खूप आहेत. एखादा ऐकणारा दिसू दे."

कधीकधी मेलेल्या सरदारालाही रांगेत काढत, असं ते सांगायचे. मला ती थापच वाटायची.

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाआधी महाळुंग्याचा एक कार्यकर्ता अपघातात गेला. फ्लेक्सच्या जुन्या फाइलीत तो नेमका भाऊंच्या खांद्यामागे होता. भाऊंचा भाचा आला. "काढा राव त्याला. वाढदिवसाला मेलेला माणूस कशाला?"

दुपारी त्या गेलेल्या कार्यकर्त्याची बायको आली. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, ठेकेदार भाऊंचाच. "ठिवा त्यांना, मास्तर. त्ये भाऊंच्या मागं दिसत्यात तवर माझ्या कामाला कुनी हात लावत न्हाई."

मास्तर दोघांनाही "बरं" म्हणाले.

फ्लेक्स चौकात लागला. शिफ्ट सुटलेली माणसं थांबून बघू लागली. खांद्यामागे तो होता. मीही पाहिला. संध्याकाळी भाऊ स्वतः दुकानात आले, गॉगल न लावता.

"मास्तर, तो माझ्याकडं बघतोय का?"

"नाही. तुम्ही काय करता, ते बघतोय."

भाऊंनी फ्लेक्स उतरवायला सांगितलं नाही. तिचं कामही टिकलं.

यंदा हिवाळ्यात मास्तर गेले. वाढदिवस जवळ आला तशी ती दुकानात आली. "आता त्यांना कोन ठिवनार?"

चौकात लागलेल्या त्या फ्लेक्सची मास्तरांची फाइल मी उघडली. त्याचा फोटो तिथे नव्हताच. मास्तरांनी तो तेव्हाच काढून टाकला होता. भाऊंच्या खांद्यामागे नुसती काळोखी जागा होती, आणि रांगेतले सगळे चेहरे भाऊंना ओलांडून त्या जागेकडे बघत होते.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

ती वाकून बघू लागली.

"हायेत की," ती म्हणाली. "फकस्त त्यांच्या म्होरं कुनाला उभं करू नगा."