कवडीसाठी पाठवलेलं टोपडं

धनश्रीच्या काही सवयी.

दार लोटण्याआधी ती खाली बघते. शेपूट अडकेल म्हणून.

पहिली भाकरी बशीएवढी थापते. ती दुधात कुस्करायची असते.

फोनवर बोलता बोलता मांडीवरचे केस वेचते. मांडीवर केस नसले तरी.

राग आला की घासलेली भांडी पुन्हा घासते.

‘बघते’ म्हणाली तर समजायचं, नाही. ‘हं’ म्हणाली तर हो.

पहिल्या तीन सवयी लग्नानंतरच्या. त्या कवडीमुळे लागल्या.

कवडी म्हणजे मांजर. पांढरी, पाठीवर पिवळट ठिपके. धनश्रीचं सासर शिर्डीजवळच्या एका वस्तीवर. नवरा वाल्मिक शिर्डीत फुलांचं दुकान चालवतो. झेंडूच्या क्रेटमध्ये त्याला हे पिल्लू सापडलं. डोळेही उघडले नव्हते. त्याने ते रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि नव्या बायकोच्या हातात दिलं. तिने ड्रॉपरने दूध पाजून ते जगवलं.

मी आणि धनश्री मिरजगावच्या, एका बाकावरच्या. बारावीनंतर तिचं लग्न झालं. मी नगरला मराठी घेऊन बी.ए. केलं. फोन चालू राहिले. सासरच्या पहिल्या वर्षात ती मला माणसांबद्दल कमी आणि कवडीबद्दल जास्त सांगायची. ‘इथं माझं असं हे एवढंच आहे गं,’ म्हणायची आणि हसायची.

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. आसपासच्या बायकांनी कारण लगेच शोधलं. मांजराचा केस पोटात गेला. सासूबाई चांगुणाबाई तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत. पण कवडी घरात आली की पदर नाकाला लावू लागल्या.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धनश्री स्वतःहून डॉक्टरांकडे गेली. वाल्मिकला सोबत नेलं. मुद्दाम. डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं. सगळं नीट होतं. त्या म्हणाल्या, ‘मांजर राहू दे घरात. केसाने काही होत नाही. जपायचं ते तिच्या विष्ठेला. ती तू काढायची नाहीस, दुसऱ्या कुणी रोजच्या रोज काढायची. मातीत हात घातला तर साबणाने धुवायचा. मटण पुरतं शिजवायचं, भाजी धुवून घ्यायची. एवढंच.’

‘तिच्या घाणीच्या घमेल्यातली राख मी काढीन,’ वाल्मिक म्हणाला.

‘नक्की? पुरुषांचं असलं दोन दिवस टिकतं,’ डॉक्टर बाई हसल्या.

‘न्हाई ओ मॅडम, टिकंल की!’

आणि टिकलं. तो रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी घमेलं रिकामं करायचा, नवी राख घालायचा. धनश्री मला हे फोनवर इतक्या वेळा सांगायची की मी वैतागायचे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. त्यानंतर ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. निघण्याआधीच्या आठवड्यात वाल्मिक मोबाईल घेऊन कवडीच्या मागे फिरत होता. कवडी खिडकीत. कवडी दूध पिताना. कवडी चपलेशी भांडताना. धनश्रीला भरून आलं. ‘तेही आता तिच्यात रमलेत गं,’ ती मला म्हणाली.

गाडीत बसताना तिने त्याला सांगितलं, ‘तिला कुठं घालवायचं नाही.’

‘येडी का तू?’ तो म्हणाला. ‘तू तुझं बघ. कवडीचं मी बघतो.’

मिरजगावात मी जवळजवळ रोज तिच्याकडे असायचे. रोज संध्याकाळी वाल्मिककडून एक व्हिडिओ यायचा.

‘नवऱ्याचा एक फोटो नाही तुझ्या फोनमध्ये. सगळं मांजरच,’ मी चिडवायचे.

‘त्यांचं तोंड काय नवीन आहे का?’

ती तयारीला लागली होती. पाळण्यावर घालायला तिने मच्छरदाणीची जाळी शिवली. बाळ झोपलेलं असताना मांजर त्या खोलीत एकटं ठेवायचं नाही, हे तिने स्वतःशी पक्कं केलं होतं. बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाईलवर शोधून तिने वाल्मिकला पाठवला. ‘हळू आवाजात रोज थोडा लावा. तिला सवय होऊ दे.’ त्याने अंगठा पाठवला.

मुलगी झाली. राजनंदिनी. धनश्रीने तिच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, न धुता. कवडीला वास ओळखीचा व्हावा म्हणून. तिच्या आईने, लंकाबाईंनी, ते पिशवीत घालून गाठ मारली आणि शिर्डीला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकचा फोन आला. धनश्रीने स्पीकर चालू केला. मी शेजारीच होते.

‘ठेवलं तिच्या जवळ,’ तो म्हणाला. ‘आधी लांबूनच बघत हुती. मग दोनदा हुंगलं. मग त्याच्यावरच मुटकुळं करून झोपली.’

फोन ठेवल्यावर धनश्री रडली. ‘आता काळजी नाही,’ म्हणाली.

सव्वा महिना उलटून गेल्यावर ती सासरी निघाली. पाठराखीण म्हणून मी सोबत गेले. दारात चांगुणाबाईंनी मायलेकींच्या पायांवर पाणी घातलं. भाकरीचा तुकडा ओवाळून दूर टाकला. मग नातीला हातात घेतलं.

धनश्री उंबऱ्यातच थांबली. ‘कवडी! ए कवडी!’

‘असंल कुटं तरी. आत ये आदी,’ चांगुणाबाई म्हणाल्या. वाल्मिक सामान उचलून पटकन आत गेला.

शेजारच्या भागूबाई बाळ बघायला आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अगं, ती मांजर व्हय? तिला कवाच पोत्यात घालून पुणतांब्याला नदीपल्याड सोडली की. तू म्हायेरी गेलीस, त्याच आठवड्यात. पानी वलांडलं की मांजर माघारी येत न्हाई. का गं चांगुणा, सुनेला सांगितलं न्हाईस व्हय?’

भागूबाई जरा वेळ थांबल्या आणि चहा न घेताच गेल्या.

चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या. ‘मला नात पायजे हुती. पयलं गेलं तवा तुजं डोकं माज्या मांडीवर हुतं. ते मला परत बघायचं न्हवतं. बोल, काय बोलायचं ते.’

‘आत्या, तुमचं मला कळतं,’ धनश्री म्हणाली. मग ती वाल्मिककडे वळली. ‘तुम्ही डॉक्टरांसमोर बसला होता.’

‘आईनं अन्न सोडलं हुतं. मी काय करनार?’

‘मला सांगायचं.’

‘तुला त्या अवस्थेत तरास नको म्हनून. तुज्या आईलाबी माहीत हाय. सगळ्यांचं ठरलं हुतं.’

धनश्रीने तिथेच लंकाबाईंना फोन लावला. फक्त विचारलं, ‘आई, टोपडं पाठवलंस तेव्हा तुला माहीत होतं?’ पलीकडून आलं, ‘तुज्या भल्यासाटीच गं बाय.’

मला लंकाबाईंची ती गाठ आठवली. त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली होती. सुटू नये म्हणून.

‘आणि व्हिडिओ?’ धनश्रीने विचारलं.

‘आदी काढून ठेवल्याले.’

तिने मान हलवली. त्या आठवड्यात तो मोबाईल घेऊन कवडीच्या मागे का फिरत होता, ते आम्हा दोघींना एकदमच कळलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला पाजून आजीजवळ दिलं आणि ती म्हणाली, ‘जागा दाखवा.’ वाल्मिकने दुकानाचा टेम्पो काढला. मीही बसले. गोदावरीचा पूल ओलांडून त्याने बाभळींजवळ गाडी उभी केली. धनश्रीने हाका मारल्या. बऱ्याच मारल्या. कडेच्या वावरात खुरपणारी एक बाई उठून बघू लागली.

‘कवाची सोडली हुती?’ तिने विचारलं.

वाल्मिकने सांगितलं.

‘मग कशाला हाका मारताय? हितं लई जन आनून सोडत्यात. कुनी न्यायला येत न्हाई.’ ती परत खाली बसली.

धनश्रीने वाल्मिकला विचारलं, ‘सोडलीत तेव्हा ती कुणीकडं पळाली?’

तो पायाने माती उकरत राहिला. ‘पळाली न्हाई. पोत्यातनं भाईरच येईना. मग मी हाक मारली.’

‘मग?’

‘मग आली. पायाशी.’

‘मग?’

‘मग मी गाडी चालू केली.’

येताना ती मागच्या बाजूला बसली, फुलांच्या रिकाम्या क्रेटना टेकून.

घरी आल्यावर तिने माहेराहून आणलेली बॅग उघडली. दुपटी, झबली, तेलाची बाटली, काजळाची डबी, सगळं फळीवर नीट लावलं. त्याखाली तिच्या साड्या होत्या. वरची साडी उचलली, कपाटाचं दार उघडलं. आत वाल्मिकचे शर्ट होते. शेजारी तिच्यासाठी जागा केलेली होती. ती तशीच उभी राहिली. मग साडी परत बॅगेत ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

मी गावी परतले. आमचे फोन चालू आहेत. राजनंदिनी आता पालथी पडते. वाल्मिक रोज विचारतो, नवं मांजर आणू का. ती ‘बघते’ म्हणते.

परवा मी विचारलं, ‘बॅग रिकामी केलीस का गं?’

‘बाळाचं झालंय सगळं,’ ती म्हणाली. ‘माझं राहिलंय.’

रोज ती बॅगेतून साडी काढते, नेसते, धुते, वाळवते. घडी घालून पुन्हा बॅगेत ठेवते.