आधी चिठ्ठी फाडा

कुसगावात माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर पायरीवर थांबायचं, एवढंच. पण एवढ्याशा जागेत निम्म्या मावळाची गुपितं येऊन जातात. धबधब्याखाली नाचताना फोन भिजवलेले पर्यटक येतात, हॉटेलांत कामाला असलेली मंडळी येतात, आंदर मावळातून दोन तास चालून मग एसटी धरून आलेले आबा येतात. एका मावशींनी भिजलेला फोन आठवडाभर इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि मग माझ्याकडे आणला. फोन काही जगला नाही, पण उघडल्यावर वास असा सुटला की मला भूक लागली.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा नियम मी चालवतो. वस्तू हातात आली की आधी चिठ्ठी फाडायची. अर्धी गिऱ्हाईकाला, अर्धी रबर लावून वस्तूला. चिठ्ठी आणेल त्यालाच वस्तू, मग मागणारा कुणीही असो. आणि आपल्याकडे आहे तोवर ती अमानत, म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली. तिच्या आत बघायचं नाही, दिसलंच तर विसरायचं, काउंटरबाहेर शब्द जाऊ द्यायचा नाही. आता घड्याळात कसली आली गुपितं? पण फोनमध्ये तर सगळा माणूसच असतो. एकदा एक बाई नवऱ्याचा फोन मागायला आली, हातात चिठ्ठी नाही. मी म्हटलं, मिळणार नाही. तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, समोरच्या चहावाल्यानं गाळणी हातात धरून सगळा ऐकला, तरी मी दिला नाही. माझी मुलगी तेव्हा आत स्टुलावर गृहपाठ करत होती. तिनं मान वर करून बघितलं होतं, हे मला फार पुढे आठवलं.

अलीकडे माझ्याकडे वेगळंच गिऱ्हाईक वाढलंय, ते म्हणजे आईबाप. "पोराच्या फोनला कुलूप लावून द्या." "पोरगी कुणाशी बोलते तेवढं बघून सांगा." बघून सांगायचं काम मी करत नाही. पण सल्ले द्यायला मला कुणी अडवलंय? सल्ला फुकट देतो मी. झोपायच्या खोलीत फोन नको, चार्जर स्वयंपाकघरात ठेवा. जेवताना पोरानं फोन बघू नये म्हणता, तर आधी तुमचा खिशात घाला. अनोळखी माणसानं फोटो मागितला तर काय करायचं, ते त्यानं मागायच्या आधी पोरांना सांगून ठेवा. लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, अर्ध्या मावळाची पोरं आपणच सांभाळतोय.

आणि घरी काय दिवे लावले? मुलगी आठवीत गेली, क्लासच्या ग्रुपसाठी तिला फोन द्यावा लागला. देताना मी भाषण ठोकलं. "यात काही भानगड दिसली, तर त्याच दिवशी फोन जमा. कारण विचारणार नाही." तेवढ्यानं समाधान होईना म्हणून तिच्या नकळत त्यात एक ॲप टाकलं. तिला येणारा आणि तिच्याकडून जाणारा प्रत्येक मेसेज माझ्या फोनवर. गिऱ्हाईकाचा फोन हातात आला की नजर वळवणारा मी, पोटच्या पोरीचे मेसेज चहा पिता पिता वाचायचो. बाप आहे, हक्क आहे माझा, असं स्वतःला सांगायचो आणि मला ते पटायचंही.

पहिले काही आठवडे मजेत गेले. शाळेतल्या एका बाईंना मुलींनी ठेवलेलं नाव कळलं, भूमितीची रडारड कळली, 'अब्बा फार बोलतात' हेही कळलं. मग मेसेज कमी होत गेले. शेवटी 'गृहपाठ काय आहे' आणि 'उद्या पीटी आहे का' एवढंच उरलं. मी काउंटरवर छाती फुगवून सांगायचो, "आमच्या मुलीचा फोन बघा, एकदम स्वच्छ!" दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला तो कधी दिसलाय?

मुलगी नववीत गेली, भातलावणीचे दिवस होते. शनिवारी दुपारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, दुकानात आंदर मावळातले एक आबा. त्यांचा फोन खाचरात पडला होता आणि वर बैलानं पाय दिला होता. तेवढ्यात माझी मुलगी शाळेच्या गणवेशात येऊन बाहेर पायरीवर उभी राहिली.

"आत ये की, तिथं काय उभी?"

"माझा नंबर आला की येते."

मला वाटलं, मस्करी करतेय. मी आबांच्या फोनचे स्क्रू काढायला घेतले. आबांनी मात्र मागे वळून तिच्याकडे एकदा नीट बघितलं. जे मला दिसलं नाही ते त्यांना दिसलं. "आदी या पोरीचं बगा," ते म्हणाले. "माजा काय, मेलेलाच हाय. तो कुटं पळून जातोय?" आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

ती आत आली आणि काउंटरवर एक फोन ठेवला. मी तिला दिलेला हा नव्हता.

"हा कुणाचा गं?"

"माझा. आधी चिठ्ठी फाडा."

मी हसलो. ती हसली नाही. "मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. गिऱ्हाईकाची गोष्ट काउंटरच्या बाहेर जात नाही ना? का त्यालाही वय लागतं?"

मी फोन उलटा केला आणि चाट पडलो. माझ्याच भंगाराच्या खोक्यातला माल! पाठ एकाची, स्क्रीन दुसऱ्याची, बटण तिसऱ्याचं. नखानं पाठ उचकटून बघितली. बॅटरी चपखल बसवलेली, आतली नाजूक पट्टी कुठे दुमडलेली नाही, डिंकाची रेघ सरळ. माझ्या हातून इतकी सरळ येत नाही.

"कुठे शिकलीस?"

"या स्टुलावर."

म्हणजे गेले कित्येक महिने मी पहारा देत होतो तो रिकाम्या घरावर. ती घरच्या वायफायवर या फोनमधून बोलत होती आणि मला वाचायला गृहपाठ ठेवत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. 'जमा' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी त्या सरळ रेघेवरून माझी नजर हटत नव्हती. मग तिचे हात दिसले. काउंटरची कड तिनं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. एक शब्द चुकीचा गेला तर ही फोन उचलून जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला कळलं. मी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं.

"नाव?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं. आधी तिचं, मधे माझं, मग आडनाव. गिऱ्हाईकाच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं.

"तक्रार?"

तिनं फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "एक जण त्रास देतोय."

पेन पुढे सरकेना. तरी लिहिलं. अर्धी चिठ्ठी फाडून दिली, तिनं घडी घालून कंपासपेटीत ठेवली. मग पासवर्ड सांगितला. माझ्या दुकानातला क्रम तिला माझ्याइतकाच पाठ होता.

तिला चित्रं काढायचा नाद. आजोळ इंदुरीचं, त्यामुळे किल्ल्याचा दरवाजा, नदी, काठावरची झाडं, सगळं पेन्सिलीनं. ती चित्रं तिनं या फोनवरून नेटवर टाकली होती. पुण्यात चित्रकला शिकते म्हणणाऱ्या एका मुलीनं दोन महिने कौतुक केलं, सावली कशी द्यायची ते शिकवलं. मग हिचा एक फोटो मागितला. हिनं ईदच्या कपड्यांतला साधा फोटो पाठवला. आणि त्या 'मुली'ची भाषाच बदलली. अजून फोटो दे, मी सांगतो तसले दे, नाहीतर तुझं तोंड घाणेरड्या चित्राला चिकटवून शाळेत पाठवतो. या गोष्टीला चार दिवस झाले होते. हिनं पुढे काहीही पाठवलं नव्हतं. चार दिवस पोट दुखतंय म्हणून डबा तसाच परत आणत होती आणि तिचा प्रत्येक मेसेज वाचणारा बाप तिला ओवा देत होता.

"चार दिवस? अगं, मला का नाही..." एवढं बोलून माझं मीच थांबलो.

"तुम्ही फोन जमा केला असता. तो काय करतोय ते मला कळलंच नसतं." मग खाली बघत म्हणाली, "आणि त्या दुसऱ्या फोनमधलं तुम्ही वाचता. मला पहिल्याच महिन्यात कळलं, बॅटरी लवकर संपायची. मुलीचा फोन तुम्ही वाचता, अब्बा. गिऱ्हाईकाचा कधी वाचत नाही. म्हणून गिऱ्हाईक होऊन आले."

या अल्ला, चौदा वर्षांची पोर! चार दिवस पोटात अन्न नाही, आणि त्या अवस्थेत तिनं शोधून काढलं की आपल्या बापात एक विश्वासाचा माणूस आहे आणि तो काउंटरमागे बसतो. मला तो माणूस घरी कधी नेता आला नव्हता. माझ्या वडिलांचा नियम माझ्या पोरीनं माझ्यापेक्षा नीट वाचला होता. डोळे भरून आले, ते मी भिंगामागे लपवले.

"हे दुरुस्त होतं का?" तिनं विचारलं.

"होतं." आवाज गिऱ्हाईकाशी बोलतानाचा ठेवला. "त्याला उत्तर द्यायचं नाही. काही पुसायचं नाही. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढू. पण हे माझ्या एकट्याच्या हातचं काम नाही. पोलिसांना दाखवावं लागेल, अम्मीला सांगावं लागेल. चिठ्ठी तुझी आहे. तू म्हणशील तरच."

तिनं कंपासपेटी उघडून चिठ्ठी बघितली. बाहेर पायरीवरून आबांचा आवाज येत होता, "थांबा वाईच, आत काम चाललंय." त्यांनी तेवढ्या वेळात कुणाला आत येऊ दिलं नाही, आणि नंतरही काय झालं म्हणून एका शब्दानं विचारलं नाही.

"अम्मीला मी सांगते," ती म्हणाली.

बायको आधी रडली, तिला जवळ घेऊन बसली आणि मग माझ्याकडे वळली. "लोकांच्या पोरांना कुलपं लावत फिरा! लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं तिनं म्हटलं नाही, गरजही नव्हती. पोलिस ठाण्यातल्या मॅडमनी सगळं बघून मुलीला पहिलं वाक्य म्हटलं, "पुसलं नाहीस, फार बरं केलंस." शाळेतही आम्हीच आधी जाऊन सांगितलं. ते खातं बंद झालं. शाळेत कुठलाही फोटो आला नाही. तो कोण होता ते आजवर कळलेलं नाही. शाळेचा फोन आला की अजूनही हातातलं काम टाकून मी आधी तो उचलतो.

काही आठवड्यांनी तिनं कंपासपेटीतली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. काम झालं की चिठ्ठी परत, हा नियमच आहे. मी तिला दिलेला फोन मागितला आणि तिच्या डोळ्यांसमोर ते ॲप काढून टाकलं. "चुकलो," म्हटलं. हा शब्द घरात माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. बायकोनं लसूण सोलता सोलता वर बघितलं. मग मी म्हटलं, "आणि सांगितलंस म्हणून फोन कधी जमा होणार नाही." मुलगी फक्त "बरं" म्हणाली. पोरं लगेच विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी का ठेवावा?

आताही आईबाप कुलूप लावायला येतात. मी लावून देतो. लहान पोरांना ते हवंच. पण आधी एवढंच सांगतो, "घरी जाऊन त्याला म्हणा, काहीही झालं तरी मला सांग, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. आणि म्हणाल ते पाळा." काहींना ते पटत नाही. मलाही पटलं नसतं.

परवा दुपारी ती दुकानात आली. आता दहावीत आहे. चेहरा उतरलेला, हातात फोन. हात आपोआप चिठ्ठ्यांच्या पुस्तकाकडे गेला.

तिनं काउंटरची फळी उचलली, आत आली, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. फोन उघडून माझ्या हातात दिला.

"चिठ्ठी नको, अब्बा," ती म्हणाली. "तुम्हालाच सांगायचंय."