मासळी नसलेलं सरोवर

मी हौसेनं पोरांना नवी मुंबईहून थेट लोणारला आणलं, उल्का आदळून काळ्या दगडात झालेलं खारं सरोवर दाखवायला. धाकटी मात्र वाटभर "घरी जाऊया" म्हणून रडत होती.

वरती, सरोवराच्या कड्यावर, आमच्या गाडीची नवी मुंबईची नंबरप्लेट बघून एक म्हातारे खुशीत पुढे आले. "आपलेच की! मी करावेचा." करावे म्हणजे आमच्या सोसायटीमागचं खाडीकाठचं जुनं गाव. ते आमच्यासोबतच खाली उतरू लागले. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, जणू आता चिखलात शिरणार. मधेच थांबून पाण्याकडे बघायचे आणि हळहळायचे, "येवरं पानी, आन एक मासली नाय!"

काठाशी कुजकट वास आला. आम्ही सगळ्यांनी नाकं दाबली. त्यांनी मात्र छाती भरून श्वास घेतला आणि रडणाऱ्या धाकटीपाशी उकिडवे बसले.

"पोरी, नाक सोड. यो तर आपले खाडीचा वास. घर हितंच हाय बघ."

तिनं संशयानं हुंगलं आणि रडं थांबवलं.

परतताना आमच्या खाडीकाठच्या पाम बीच रोडला लागलो तेव्हा ओहोटीचा तोच वास सुटला होता. नेहमीच्या सवयीनं मी काच वर घ्यायला लागलो.

"बाबा, काच नको ना लावू," मागून धाकटीचा झोपाळू आवाज आला. "घर आलं."