भिंतीला जात नसते

माझ्या बायकोच्या मामांना प्रत्यक्ष परमेश्वर भेटला असता, तर त्यांनी आधी गाभाऱ्याची उंची मोजली असती आणि मगच हात जोडले असते. सिंगापुरात नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचं मूल्यांकन करण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतरही ते काम त्यांना सोडून गेलं नाही. इतर म्हाताऱ्यांच्या खिशाला पेन असतं, मामांच्या खिशाला लेझरचं मोजयंत्र. कुणाच्या बारशाला गेले की त्याचा लाल ठिपका पाळण्यावरून फिरत फिरत समोरच्या भिंतीवर जाऊन थांबायचा, आणि बाळाच्या नावाआधी खोलीची लांबी जाहीर व्हायची. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहाला हात लावण्याआधी त्यांनी नाण्याने भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, मुलगी आम्ही चांगली दिली. तुम्ही घर मात्र पश्चिमेच्या उन्हाचं घेतलंत." एका परिचितांच्या अंत्यविधीला सगळे मान खाली घालून उभे असताना मामा छताकडे बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हवा छान खेळती ठेवलीय हो इथे."

या माणसाचा धर्म एका वाक्याचा होता: भिंतीला जात नसते. क्षेत्रफळ, मजला, दिशा, एमआरटी स्टेशनपासूनचं अंतर. घरात कोण राहतं याच्याशी मूल्यांकनाचा संबंध नाही. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी आमच्या मराठी मंडळींची सहल निघाली, की दुसऱ्या भज्यानंतर हा वाद ठरलेला. कुणीतरी म्हणायचं, भारतीय माणसाच्या घराला इथे कमी किंमत लावतात. बँकेतली मंडळी लगेच मागणी-पुरवठा समजावू लागायची. जगात कुणावर अन्याय होत असेल तर तो बाजाराच्या नियमांनीच होतो, अशी त्यांची श्रद्धा असते. मामा मात्र उभेच राहायचे. "पुरावा आणा! हजारो घरं बघितलीत मी. एकाही घरात माणूस बघितला नाही." हे वाक्य ते अभिमानाने म्हणायचे, आणि त्यातली भीषणता कुणाच्याच लक्षात येत नसे, माझ्याही नाही.

मग मामी पडल्या. टॅम्पिनीसचा त्यांचा सरकारी फ्लॅट दुमजली, आतून जिना. स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मामी तो जिना बसून चढायच्या, उलट्या, एकेक पायरी हातांनी मागे रेटत. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा पडल्या तर उठणं कठीण. यिशुनला मामांच्या लेकीच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये एकमजली फ्लॅट मिळत होता, पण त्यासाठी आधी हा विकायला हवा होता. गिऱ्हाईक मिळालं, एक तरुण जोडपं. किंमत ठरली. आता फक्त मूल्यांकन उरलं होतं. ते ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर वरचा फरक विकत घेणाऱ्याने रोख भरायचा, असा इथला नियम; आणि तेवढी रोकड आमच्याकडे नाही, हे त्या दोघांनी आधीच सांगून टाकलं होतं.

एजंट एक चिनी बाई होती, गोड बोलणारी. म्हणाली, "अंकल, फोर डेज नो करी, ओके? गॉड ऑल्सो पुट इन्साइड लाह. एव्हरीबडी डू." मामींनी निमूटपणे देव पंच्यात गुंडाळून सूटकेसमध्ये ठेवले आणि चार दिवस पाव खाल्ला. पाचव्या दिवशी सकाळी मामांनी देव बाहेर काढून मांडले, दाराला तोरण लावलं आणि मूल्यांकन करणारा यायच्या पंधरा मिनिटं आधी स्वतः आमटीला फोडणी घातली. मामी सोफ्यावरून ओरडल्या, "अहो, निदान हिंग तरी नको!"

"हिंगाने भिंत खचत नाही," मामा म्हणाले.

आलेला तरुण अतिशय सभ्य होता. दोनदा शिंकला, दोन्ही वेळा माफी मागितली, आणि काहीतरी लिहून घेऊन गेला. आकडा कमी आला. ते जोडपं संत्री घेऊन आलं, ओशाळं हसलं आणि व्यवहारातून बाहेर पडलं. मामींनी संत्री टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "तत्त्व तुमचं, जिना माझा."

मामांनी जुन्या ऑफिसात हाताखाली असलेल्या एकाला फोन लावला. मी शेजारीच होतो. त्याने अहवाल वाचून दाखवला: स्वयंपाकाचा उग्र वास, धार्मिक मांडणी, मर्यादित ग्राहकवर्ग. जातीचा किंवा वंशाचा शब्द कुठेही नव्हता. "हे लिहायला जागा कुठे असते?" मामा कडाडले. पलीकडचा जरा घुटमळला. "बॉस, दॅट बॉक्स यू मेड लाह. ओव्हरऑल इम्प्रेशन. द वर्ड्स ऑल्सो युअर्स."

त्यानंतर चार दिवस मामा आपल्या जुन्या अहवालांच्या प्रतींचे गठ्ठे सोडून बसले होते. पाचव्या दिवशी मी गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "चिनी घरांत उदबत्त्या होत्या, सुक्या माशांचा वास होता. तिथे हा 'ओव्हरऑल इम्प्रेशन'चा रकाना मी कोरा सोडलाय. आपल्या घरांत भरलाय. तमिळ, मल्याळी, आपले मराठीसुद्धा. काहींच्याकडे मी चहा पिऊन निघालोय हो, जावईबापू." मामी तेव्हा वर चालल्या होत्या. मागे रेटलेल्या प्रत्येक पायरीचा आवाज खाली ऐकू येत होता.

पुढचं गिऱ्हाईक यायला सात महिने लागले. या वेळी देव मामांनीच गुंडाळले, तोरण काढलं, लग्नातला फोटोही उतरवला. मूल्यांकन चालू असताना ते ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बाकावर बसून राहिले, आपण त्या घरचे नाहीच असे. आकडा हवा तसा आला. मधल्या काळात बाजार चढला असणार, असं बँकेतल्यांचं मत पडलं. तसंही असेल. मामांनी मात्र वाद घातला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

यिशुनचा तो फ्लॅट तोवर गेला होता. दुसरा मिळाला, लेकीपासून बसने चार थांबे दूर. गेल्या महिन्यात आम्ही जेवायला गेलो. मामी भिंतीला हात लावत का होईना, पण उभ्याने स्वयंपाकघरात गेल्या. मामांचा खिसा रिकामा होता. मामींनी तेल तापत ठेवताच ते उठले, एकेक करून खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीशी ओला टॉवेल सरकवला.

"अहो, आता कोण येणार आहे तपासायला?" मामींनी विचारलं.

मोहरी तडतडली. तेवढ्यात कॉलेजातून थेट आजीकडे जेवायला आलेली त्यांची नात तो टॉवेल दाराने ढकलतच आत शिरली. "आजोबा, लिफ्टपर्यंत स्मेल येतोय! सो शिओक लाह!" म्हणजे तिच्या भाषेत, स्वर्ग.

मामा टॉवेल उचलून तसेच उभे राहिले. "लिफ्टपर्यंत?" त्यांनी विचारलं. मग, सवयीने असेल, हळूच म्हणाले, "म्हणजे वीस मीटर तरी झालं."